छब्बन मियाँचं गाळलेलं वाक्य

पन्नास वर्षं शहरं पाडण्याचा धंदा केलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं होतं. श्रावस्तीहून परतलेल्या जपानी यात्रेकरूंच्या बसमधून तो उतरला, हॉटेलच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "नुसता भात हवा. वर काहीही नको." मी आत जाऊन तसं सांगितलं. "जी मैडम, बिल्कुल," म्हणून आचारी गेला आणि तळलेला कांदा, काजू आणि केशर घातलेला भात घेऊन आला. पाहुण्याला पांढराफटक भात द्यायला त्याचं मन धजेना. पाहुणे, म्हणजे ओनिशी-सान, त्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कांद्याची एकेक काडी वेचून कडेला ठेवली, उरलेला भात कसाबसा खाल्ला आणि आचाऱ्याला वाकून म्हणाले, "फारच छान झाला होता." आचारी खूश, पाहुणा उपाशी. खरं काय ते दोघांपैकी एकानेही तोंडातून काढलं नाही. माझी पंचवीस वर्षं अशा दोन जमातींच्या मधे उभं राहण्यात गेली.

मी दुभाषी. मूळची पुण्याची, जपानी तिथेच शिकले. श्रीकांतची, म्हणजे नवऱ्याची, बँकेने लखनऊला बदली केली म्हणून इंदिरा नगरात येऊन पडले. तीन वर्षांसाठी आलो होतो. श्रीकांत निवृत्त झाला तरी आम्ही इथेच. मुलगी इथे वाढली, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते "हाँ आई, कर दूँगी यार" असं. पुण्याला गेलं की तिथले नातेवाईक मला "किती गोड बोलायला लागलीस गं" म्हणतात. तसं काही झालेलं नाही. मला गोड बोलणं कधी जमलं नाही आणि त्याचा मला अभिमानच होता.

लोकांना वाटतं, दुभाष्याचं काम म्हणजे या भाषेतला शब्द उचलायचा आणि त्या भाषेतला ठेवायचा. तसं असतं तर फोनवरच भागलं असतं. समोरचा बोलत असताना तुम्ही वहीत खुणा करत जाता, तो थांबला की त्याच्या जागी 'मी' म्हणून बोलता. 'हे असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. तो रागावला असेल तर तुम्ही रागवायचं, तो माफी मागत असेल तर तुम्ही मागायची. आणि जे तो बोलला ते सगळं सांगायचं. हा शेवटचा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवायचे आणि स्वतः बैठकीत गेले की बॅगेत ठेवून द्यायचे.

कारण लखनऊचा माणूस 'नाही' म्हणत नाही. तो "हो जाएगा" म्हणतो. जपानी माणूसही 'नाही' म्हणत नाही. तो दातांतून हवा आत ओढतो, मान तिरकी करतो आणि "जरा विचार करून पाहतो" म्हणतो. एकदा पाण्याचे पंप बनवणारे जपानी इंजिनियर आणि एका कचेरीतले साहेब यांच्यामध्ये मी तीन तास बसले होते. एकीकडून हवा ओढली जात होती, दुसरीकडून हो जाएगा, हो जाएगा. शेवटी हात मिळवून, मिठाई खाऊन सगळे हसत उठले. मी जिन्यात जपान्यांना सांगितलं, "ते हे काम करणार नाहीत." परत आत जाऊन साहेबांना सांगितलं, "ये लोग नहीं करेंगे." दोन्हीकडच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही काम मीच मोडलं. पण तेव्हापासून गावात माझं नाव झालं. लेले मैडम काम की बात करती हैं. कुणी हवापाणी, खानदान, तहजीब, ऋतूंचं सौंदर्य असलं काही सुरू केलं की मी ते चाळणीतून घालायचे आणि खाली जो दाणा पडेल तेवढाच पलीकडे द्यायचे. दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो, असं मी म्हणायचे.

तर ओनिशी-सान. ते सिनेमाचे निर्माते होते. कसल्या सिनेमाचे, तर रबराचा पोशाख घातलेला माणूस एका छोट्या शहरात शिरतो आणि ते तुडवतो, त्या सिनेमांचे. असे त्यांनी अकरा काढले. मी त्यातले चार पाहिले, म्हणजे खरं तर एकच चार वेळा पाहिला. समुद्रातून काहीतरी वर येतं. पांढऱ्या कोटातला म्हातारा शास्त्रज्ञ "मी आधीच सांगितलं होतं" म्हणतो. त्याला एक मुलगी असते, तिला सिनेमाभर किंचाळण्यापलीकडे काम नसतं. रणगाडे येतात आणि वितळतात. मग आधी विजेचे खांब, नंतर पूल, नंतर मोठं दुकान आणि सगळ्यात शेवटी मनोरा, याच क्रमाने शहर पडतं. "क्रम का नाही बदलत?" मी विचारलं. "मुलांना तो पाठ असतो," ते गंभीरपणे म्हणाले, "बदलला की ती चिडतात." पंच्याहत्तरीचा माणूस हे सांगतोय आणि मी हे वहीत लिहून घेतेय, असं आमचं चाललं होतं.

बाविसाव्या वर्षी ते स्टुडिओत प्लास्टर कालवायला लागले. पुढची पाच वर्षं फक्त खिडक्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या खिडक्या, हजारोंनी, आणि त्या सगळ्या फुटण्यासाठी. शहर खरं दिसायचं तर पंचविसाव्या हिश्शाने बांधायचं, म्हणजे आतला साधा माणूस पडद्यावर पन्नास मीटरचा होतो. भिंती बिस्किटासारख्या पातळ, मागून चिरा पाडलेल्या, म्हणजे लाथ बसली की जिथे तुटायला हवं तिथेच तुटतं. कॅमेरा नेहमीपेक्षा भरभर फिरवायचा, म्हणजे पडद्यावर पडझड संथ होते आणि जड वाटते. बांधायला चार महिने, पडायला आठ सेकंद, आणि संधी एकदाच. नेमके किती महिने आणि किती सेकंद हे संपूर्ण स्टुडिओत त्यांनाच सांगता यायचं, म्हणून त्यांना निर्माता केलं. त्यांचा एक नियम होता. शाळा आणि इस्पितळ पाडायचं नाही. अकरा सिनेमांत एकदाही पाडलं नाही. आणि एकदा एका गावातल्या दुकानदारांचं शिष्टमंडळ त्यांच्याकडे तक्रार घेऊन आलं होतं की शेजारच्या गावातली दुकानं तुडवलीत, आमचीच का वगळलीत. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या नाही.

त्यांचं पोट बरं झाल्यावर बाकीचे यात्रेकरू कुशीनगरला गेले. ओनिशी-सान गेले नाहीत. स्तूप बघून कंटाळा आला, म्हणाले, काहीतरी उभं असलेलं दाखवा. मी त्यांना चौकात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारपेठेत, नेलं आणि तिथल्या एका बोळात ते अचानक थांबले. आत छब्बन मियाँचं दुकान होतं. मोहरममध्ये जे ताजिये खांद्यावरून मिरवतात, बांबूच्या काड्या, रंगीत कागद आणि अभ्रकाचे ते मनोरे, ते करणारं हे घराणं. एका अर्धवट झालेल्या मनोऱ्याच्या खिडकीवर ओनिशी-सानांनी अंगठ्याचं नख टेकवलं. बरोबर मापाची होती. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "इथे एक शहर पाडायचं राहिलंय."

मला तेव्हाच हसू आलं होतं. पण वर्षभरात ते खरंच परत आले. टोकियोतल्या त्यांच्या कंपनीत एव्हाना नवी मंडळी बसली होती आणि ती शहरं कॉम्प्युटरवर पाडत होती. म्हाताऱ्याला एकदम घरी बसवायचं कसं, म्हणून त्यांनी, अर्थातच 'नाही' न म्हणता, एक अट घातली. लखनऊत एक रस्ता हाताने बांधा आणि एकदा पाडून दाखवा. ते दृश्य साधलं तर संपूर्ण बारावा सिनेमा हाताने काढा. नाही साधलं तर सिनेमा कॉम्प्युटरवाल्यांकडे आणि तुम्ही विश्रांती घ्या. म्हणजे आठ सेकंदांवर या माणसाचं उरलेलं सगळं अवलंबून होतं. त्यांनी मला हे विमानतळावरून येतानाच सांगितलं, खिडकीबाहेर बघत, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

गोमतीतून एक अजस्र घडियाल, म्हणजे लांब तोंडाची सुसर, वर येते, हजरतगंजाच्या बाजारातून चालत जाते आणि नवाबी काळातला रूमी दरवाजा तुडवते, असं दृश्य ठरलं. परवानग्यांसाठी तिवारीजी नावाचे स्थानिक व्यवस्थापक नेमले. त्यांना प्रत्येक गोष्ट "हो जाएगी" होती आणि त्यातली निम्मी होत नव्हती. गावात बातमी फुटली आणि त्या जपानी दुकानदारांचे सख्खे भाऊबंद माझ्या दारात उभे राहिले. चिकन भरतकामाच्या कपड्यांचे एक व्यापारी येऊन म्हणाले, "मैडम, हमारी दुकान भी तुड़वा दीजिए। बस बोर्ड साफ़ दिखना चाहिए।" आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी फुगून बसले. घडियाल इंदिरा नगरात का येत नाही? "हमारे यहाँ भी तो मेट्रो है।" छावणीतल्या एका मराठी अधिकाऱ्याने मला चहाला बोलावलं आणि चकली पुढे करत विचारलं, "वहिनी, रणगाडे हरताना दाखवणार आहेत का हो? नाही म्हणजे, बरं दिसत नाही." ज्याला त्याला स्वतःचं घर तुडवून हवं, फक्त इभ्रतीने. रणगाडे मग काढूनच टाकले.

आणि मग तो दिवस. छब्बन मियाँना रूमी दरवाज्याचं काम समजावून सांगायला आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. आधी चहा झाला. ओनिशी-सान म्हणाले, भिंती बिस्किटासारख्या पातळ हव्यात. मी सांगितलं, "दीवारें पतली चाहिए।" बिस्किट गाळलं. मग छब्बन मियाँ बोलू लागले. हात छातीवर ठेवून, सावकाश.

"मैडम, साहब से अर्ज़ कर दीजिएगा, बंदा ख़ुशी-ख़ुशी बनाएगा। मगर हमारे यहाँ सात पुश्तों से जो बनता है, वो कंधों पर चलता है। तंग गलियों से निकलता है, छज्जों से टकराता है, झुकता है, फिर सीधा हो जाता है। हमारे हाथ को खड़ा करना आता है, गिराना नहीं आता। साहब अपने यहाँ का कोई कारीगर भेज दें जो हमें गिराना सिखा दे, तो बड़ी इनायत होगी। कहीं हमारे हाथों साहब का काम न बिगड़ जाए।"

'सात पुश्तें' ऐकल्याबरोबर माझं डोकं उठलं. लखनऊत रिक्षावाल्याच्याही सात पिढ्या असतात. मला वाटलं, यांना आपली स्तुती ऐकायची आहे, म्हणून हे नम्रपणाचं पाल्हाळ. मी वहीत खुणा केल्या होत्या, सगळ्या व्यवस्थित केल्या होत्या. मग वही मिटली आणि जपानीत म्हणाले, "मी मन लावून काम करीन."

ओनिशी-सानांनी भुवया उंचावल्या. "एवढंच? ते तर बराच वेळ बोलत होते."

"लखनऊत एवढं म्हणायला एवढा वेळ लागतो," मी म्हणाले.

ते हसले. माझा हा विनोद मला इतका आवडला की घरी येऊन श्रीकांतला दोनदा सांगितला. छब्बन मियाँनाही वाटलं, साहेब हसले म्हणजे विनंती मान्य झाली, कारागीर येईल. ते वाट बघत राहिले. शिकवायला कुणी आलं नाही, तेव्हा साहेबांना आपल्यावर विश्वास आहे असं समजून त्यांनी काम सुरू केलं. पुन्हा विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आणि कारागिराच्या कामात आत डोकावून बघणं म्हणजे त्याचा अपमान, हे ओनिशी-सानांच्या रीतीत होतं. ते रोज येत, बाहेरून बघत, वाकून नमस्कार करत आणि जात. दोघांमधून जो एकच रस्ता जात होता तो मी होते.

अमौसीकडच्या एका गोदामात ते शहर उभं राहिलं. डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं आणि हजरतगंजातले खांब थरथरायचे. चार महिने मी तिथे रोज गेले. मला सिनेमाचं कौतुक नाही, तरी सांगते, ते सुंदर होतं. हजरतगंजाचे व्हरांडे, दुकानांच्या पाट्या, त्यात त्या चिकनवाल्यांचीही, आणि टोकाला मांडीएवढा उंच रूमी दरवाजा, बाहेरून प्लास्टरचा पातळ लेप, वरच्या पाकळ्या एकेक वेगळ्या कोरलेल्या. छब्बन मियाँ त्या रस्त्यावर कधी चपला घालून गेले नाहीत.

दृश्याच्या सकाळी जपान्यांनी त्या रबरी घडियालसमोर मीठ आणि तांदळाची दारू ठेवली आणि ओळीने उभे राहून तिला वाकून नमस्कार केला. पन्नाशी उलटलेली माणसं रबराच्या पाया पडतात हे पाहून तिवारीजींनीही हात जोडले. पोशाखात शिरणारा मोरी नावाचा माणूस होता, कमी बोलणारा, पायाला पट्ट्या बांधलेला. लांब तोंडामुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. किती पावलांवर लाथ मारायची हे त्याने पाठ केलं होतं. गोदामातले पंखे बंद केले. ओनिशी-सान खुर्चीवर बसले नाहीत. ते कॅमेऱ्याच्या मागे, हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभे राहिले.

मोरी निघाला. खांब पडले. व्हरांडे छान पडले, ते जुन्या पद्धतीने नुसत्या प्लास्टरचे होते, ते जपानी मंडळींनी स्वतः केले होते. धूळ उडाली. मोरी सातव्या पावलावर थांबला, पाय उचलला आणि दरवाज्याला लाथ घातली. प्लास्टरचा लेप खळकन गळून पडला. आतली बांबूची काठी न् काठी उघडी झाली, सगळा दरवाजा जमिनीपर्यंत वाकला. मोरीचा पाय त्यावरून पुढे गेला आणि दरवाजा पुन्हा सरळ उभा राहिला. उठता उठता त्याने मोरीचा मागचा पाय उचलला. पन्नास मीटर उंचीची घडियाल तोंडावर आपटली आणि तिला उठता येईना. कॅमेरा चालूच होता. दरवाजा थोडा डुलला आणि थांबला. उन्हाची एक तिरीप पत्र्यातून आत येत होती, त्यात काड्यांमधलं अभ्रक चमकलं.

मग तिवारीजी ओरडले, "मियाँ! नाक कटवा दी! गिराने के लिए बनवाया था कि खड़ा रखने के लिए?" छब्बन मियाँ भिंतीशी उभे होते. त्यांनी तिवारीजींकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं, आता मी बोलेन म्हणून. मी वहीची पानं चाळू लागले.

ओनिशी-सान माझ्याजवळ आले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हा पडणार नाही, हे त्यांना माहीत होतं का?"

वहीतल्या खुणा माझ्या हाताखाली होत्या. मी म्हणाले, "नाही. त्यांना काही कल्पना नव्हती."

पंचवीस वर्षांत मी चुका केल्या, शब्द चुकले, एकदा एका मंत्र्याच्या सासऱ्यांना सासू केलं. ते सगळं मी हसत सांगते. ही चूक नव्हती. माझं नाव जाऊ नये म्हणून मी सात पिढ्या काम करणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवलं, आणि ते त्याच्या समोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत. ओनिशी-सानांनी मान हलवली. मग ते पुढे गेले आणि त्या उघड्या दरवाज्याला त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, सकाळी रबराला केला त्याहून बराच खाली. मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं नाटक.

टोकियोने ते आठ सेकंद पाहिले आणि हवा आत ओढली. सिनेमा कॉम्प्युटरवाल्यांकडे गेला. तो आला तेव्हा मुलीने मला फोनवर दाखवला. लखनऊ झकास पडतं त्यात, रूमी दरवाज्याची वीट न् वीट उडते, आणि पाहताना काही म्हणजे काही वाटत नाही. "मस्त है ना?" ती म्हणाली. मी तिला म्हटलं, याला कोण बघतं. त्यात एक इस्पितळही पाडलेलं आहे.

तिवारीजींनी गावभर सांगितलं की जपान्यांचा सिनेमा चौकातल्या छब्बनने बुडवला. लग्नाच्या मांडवांची, सजावटीची कामं जिथून यायची तिथून लोक हसून विचारू लागले, "मियाँ, ये गिरेगा तो नहीं?" किंवा मग, "गिरेगा न?" मला हे कानावर येत होतं. मी म्हटलं, विसरतील लोक. चौकाकडे मात्र मी पुन्हा फिरकले नाही. एखाद्या कामाला तिकडे जायचं असेल तर विद्यार्थिनीला पाठवायचे.

ओनिशी-सान दर नवीन वर्षाला मला कार्ड पाठवायचे. यंदा कार्डाऐवजी त्यांच्या पत्नीचं पत्र आलं. ते गेले होते, झोपेत. तिने लिहिलं होतं की त्यांच्या टेबलावर शेवटपर्यंत एकच फोटो होता, एका उघड्या बांबूच्या दरवाज्याचा. पाहुण्यांना ते सांगत, पन्नास वर्षांत मी एवढी शहरं पाडली, पण माझ्या राक्षसाला हरवणारी इमारत ही एकच. आणि पुढे एक ओळ होती. "तो कारागीर त्या दिवशी एवढा वेळ काय बोलत होता, हे लेले-सानांना नीट विचारायचं राहून गेलं, असं ते अधूनमधून म्हणायचे."

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. श्रीकांतने विचारलं काय झालं. मी त्याला म्हटलं, तुला तो विनोद आठवतो का, लखनऊत एवढं म्हणायला एवढा वेळ लागतो? तो म्हणाला, हो की, झकास होता. मला त्याचा इतका राग आला की मी चप्पल घालून तशीच निघाले आणि रिक्षा केली.

छब्बन मियाँना आता फार दिसत नाही, म्हणून ते दाराशी उजेडात बसतात. काड्या सोलायचं काम हाताने चालू असतं, बघायची गरज पडत नाही. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, नातीला हाक मारून चहा सांगितला, श्रीकांतची तब्येत विचारली, मुलीची विचारली, गर्मीबद्दल बोलले. मी मध्येच तोडलं. माझी तीच रीत. साहेब गेल्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, साहेबांचे शब्द एकही न गाळता सांगितले. मग म्हटलं, "छब्बन साहब, उस दिन आपने कहा था कि आपके हाथ को गिराना नहीं आता। मैंने साहब को बताया ही नहीं। और बाद में उन्होंने पूछा, तो मैंने कह दिया कि आपको कुछ पता नहीं था।"

त्यांचा हात थांबला. काडी बोटांत तशीच.

"कैसी बात करती हैं, मैडम," ते म्हणाले. "आपने तो कहा था। हमारे सामने कहा था। हमें ख़ूब याद है।"

"नहीं कहा था।"

"जापानी में कहा था," छब्बन मियाँ म्हणाले आणि काडी पुन्हा सोलू लागले. "हम समझ गए थे। चाय लीजिए, ठंडी हो रही है।"

त्यांना जपानीचा एक शब्द येत नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला उठून ओरडावंसं वाटलं की मला असं सोडू नका, दोन शिव्या घाला. ते काही माझ्याकडे बघत नव्हते. मी कप उचलला. या शहरातला चहा गेली पंचवीस वर्षं मला गोड लागतो आणि पंचवीस वर्षं मी प्रत्येक यजमानाला ते तोंडावर सांगत आले आहे. या कपात तर साखर तळाशी विरघळायची राहिली होती.

"बहुत अच्छी है," मी म्हणाले आणि सगळा प्यायले.